रिबकेची घाई

श्रोतेहो, सलाम.

आज बायबलमधल्या इसहाकाच्या तंबूत जाऊ. इसहाक म्हातारा झालाय, डोळ्यांनी दिसेनासं झालंय. तो थोरल्या मुलाला, एसावाला सांगतो, "शिकार करून आण, मला आवडतं तसं रांध, म्हणजे मरण्यापूर्वी तुला आशीर्वाद देईन." आणि त्याची बायको रिबका हे ऐकते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. एसाव आणि धाकटा याकोब ही जुळी पोटात होती तेव्हाच देवाने रिबकेला सांगितलं होतं, थोरला धाकट्याची सेवा करील. शब्द मिळालेला होता. तरी तिला धीर निघाला नाही. ती याकोबाला म्हणते, "कळपातून दोन चांगली करडं आण." एका म्हाताऱ्याच्या जेवणाला दोन करडं! याकोब घाबरतो. पाप होईल म्हणून नव्हे, पकडले जाऊ म्हणून. "एसाव केसाळ, मी गुळगुळीत. बाबांनी चाचपलं तर आशीर्वाद राहिला, शाप मिळेल." आई म्हणते, "तुझा शाप मला लागो, बाळा. तू फक्त ऐक."

मग ती एसावाचे ठेवणीतले कपडे काढते, धाकट्याला घालते. त्याच्या हातांवर आणि मानेवर करडांची कातडी चढवते. तो ताट घेऊन आत जातो. म्हातारा विचारतो, "इतक्या लवकर शिकार मिळाली कशी?" आणि हा पोरगा देवाचं नाव घेऊन सांगतो, "तुमच्या देवानेच ती माझ्यासमोर आणली." ही ओळ मला आजही झोंबते. खोटं बोलायचं तर बोल, त्यात देवाला कशाला ओढतोस? इसहाक चाचपतो. "आवाज याकोबाचा आहे, पण हात एसावाचे आहेत." कपड्यांचा वास घेतो, आणि आशीर्वाद देऊन मोकळा होतो. याकोब बाहेर पडतो न पडतो तोच एसाव आत येतो. म्हातारा थरथर कापतो. तो धिप्पाड शिकारी हंबरडा फोडतो, "बाबा, मलाही आशीर्वाद द्या!"

बापाचा लाडका एक, आईचा लाडका दुसरा. आईबापांनी डावंउजवं केलं की घर फुटतंच. माझं तर ठाम मत आहे, घरादाराची वाटणी हातपाय चालत असताना करावी, सगळ्या लेकरांना समोर बसवून, आणि मुलींनाही.

असो. देवाला या फसवणुकीची गरज नव्हती. पुन्हा सांगतो, गरज नव्हती. पण तिच्यामुळे त्याचं काम अडलंही नाही. किंमत मात्र माणसांनी मोजली. "थोडे दिवस मामाकडे राहा," म्हणून रिबकेने एसावाच्या रागापासून वाचवायला याकोबाला हारानला धाडलं. तो या मामाकडे, लाबानाकडे २० वर्षं राहिला. मायलेकांची पुन्हा भेट झाल्याचं शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही.

आणि लाबानाने काय केलं? याकोबाने त्याची धाकटी मुलगी राहेल मागितली होती, पण लग्नाच्या रात्री तिच्याऐवजी थोरली लेआ दिली. याकोब सकाळी भांडायला गेला तर मामा म्हणतो, "थोरलीच्या आधी धाकटी देण्याची आमच्याकडे रीत नाही." थोरल्याचा आशीर्वाद पळवणाऱ्याला हे ऐकावं लागलं! पण त्या लेआचा विचार करा. नवऱ्याने मागितली नव्हती, बापाने फसवून दिली होती. देवाने तिच्याकडे पाहिलं. तिचा तिसरा मुलगा लेवी, त्याच्या वंशात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे. चौथा यहूदा, त्याच्या वंशात दावीद राजा, आणि दाविदाच्या वंशात आपला प्रभू येशू.