पोर्ट सईदला उतरलेलं विमान

मित्रहो, आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे ते शांततेसाठी झटलेले इस्रायली वैमानिक एबी नेथन शाळेत इथेच, मुंबईत होते. जन्म १९२७चा, इराणमधल्या अबादानचा. घर ज्यू. मुलाला शिक्षणासाठी मुंबईला पाठवलं आणि जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत घातलं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात ते इथेच वैमानिक झाले.

भायखळ्याच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगवरून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरून, तुमच्यापैकी अनेक जण रोज जात असतील. त्याच आवारात ज्यूंनी काढलेल्या शाळेत आज बहुतेक मुलं मुसलमान आहेत. त्या काळच्या मुंबईत वाढलेल्या ज्यू मुलाला मुसलमान शेजारी ही रोजची गोष्ट होती. नेथन यांच्या पुढच्या आयुष्याचं एक मूळ इथे असावं, असं मला फार वाटतं.

१९४८ साली इस्रायल जन्माला आलं आणि लगेच युद्ध पेटलं. विशीतला हा तरुण स्वयंसेवक वैमानिक म्हणून तिकडे गेला आणि अरबांवर बॉम्ब टाकून आला. आपण वरून जे केलं त्याचं खाली काय झालं, हे वैमानिकाला सहसा दिसत नाही. नेथन यांनी ते नंतर जाऊन पाहिलं. इस्रायलच्या उत्तरेकडच्या गलिलीतल्या एका गावात जळालेली प्रेतं त्यांच्यासमोर होती. शांततेबद्दल ते पुढे जे जे बोलले, ते मी नेहमी या गावाच्या संदर्भात वाचतो. त्यांच्या आशेला भाबडी म्हणणाऱ्यांचं मला म्हणूनच कधी पटलं नाही. आपल्या हातून काय झालं हे ठाऊक असलेल्या माणसाची ती आशा होती.

पुढे त्यांनी तेल अवीवमध्ये ‘कॅलिफोर्निया’ नावाचं रेस्टॉरंट काढलं, ते चाललंही उत्तम. १९६५ला निवडणुकीला उभे राहिले. निवडून आलो तर विमान घेऊन इजिप्तला जाईन आणि तिथले राष्ट्राध्यक्ष नासर यांना शांततेसाठी गळ घालीन, असं त्यांनी सांगितलं होतं. हरले. तरी निघाले.

२८ फेब्रुवारी १९६६. दुहेरी पंखांचं जुनं विमान, त्यावर रंगवलेलं नाव ‘शांतता १’. सोबत सामान्य इस्रायली माणसांच्या सह्या असलेलं निवेदन. दोन्ही देश तेव्हा एकमेकांना शत्रू मानत, सरळ टपालही जात नव्हतं. विमान पडून नेथन गेले अशी बातमी इस्रायलमध्ये पसरली, लोक रडले. मग कळलं, पोर्ट सईदला सुखरूप उतरले आहेत. नासर भेटले नाहीत. पण इजिप्तच्या लोकांनी त्यांना नीट वागवलं, रात्री ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी परत जाऊ दिलं. तेल अवीवमध्ये गर्दीने त्यांचं स्वागत केलं. पुढे अशा प्रवासांबद्दल त्यांना तुरुंगही भोगावा लागला.

११ वर्षांनी, नोव्हेंबर १९७७मध्ये, इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात इस्रायलला आले. आधीच्या त्या छोट्या विमानामुळे ते आले असं मी म्हणणार नाही. मध्ये दोन युद्धं झाली होती आणि मुत्सद्द्यांचे हिशेब वेगळे असतात. पण पहिला वेडा माणूस परत आलेला लोकांनी पाहिला होता.

मला सर्वांत जिव्हाळ्याचं वाटतं ते त्यांचं जहाज. जुनं डच मालवाहू जहाज विकत घेतलं, नाव ठेवलं ‘शांती’ आणि १९७३पासून त्यावरून ‘शांतीचा आवाज’ हे रेडिओ केंद्र चालवलं. निवेदक सांगायचे, ‘भूमध्य समुद्रात कुठून तरी’ बोलतोय. प्रत्यक्षात जहाज तेल अवीवपासून फार दूर नसायचं, फक्त देशाच्या सागरी हद्दीबाहेर, कायद्याच्या हाताला लागणार नाही इतक्या अंतरावर. बहुतेक वेळ गाणीच. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. इस्रायलच्या हैफातला मुलगा आणि लेबनॉनच्या बैरूतमधली मुलगी एकाच वेळी एकच गाणं ऐकतात, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. आणि सूर्यास्ताला ३० सेकंद काहीच नाही. गाणं नाही, जाहिरात नाही. हिंसेत गेलेल्या सर्वांसाठी शांतता.

१९८६मध्ये इस्रायलने पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेच्या लोकांना भेटणं गुन्हा ठरवलं. नेथन उघडपणे संघटनेचे नेते यासर अराफत यांना भेटले आणि तुरुंगात गेले. सुटले, पुन्हा भेटले, पुन्हा गेले. तो कायदा जानेवारी १९९३मध्ये रद्द झाला आणि सप्टेंबरमध्ये पंतप्रधान राबिन यांनी वॉशिंग्टनमध्ये त्याच अराफत यांच्याशी हस्तांदोलन केलं.

आणि तेव्हाच नेथन यांनी जहाज बंद केलं. पैसा संपला होता, शांतता आलीच असंही वाटत होतं. नोव्हेंबरमध्ये त्यांनी ते समुद्रात बुडवलं. इथे माझं त्यांच्याशी जमत नाही. हस्तांदोलनानंतरची वर्षंच सर्वांत नाजूक होती. तेव्हा तो आवाज हवा होता. १९९५मध्ये शांतता सभेतून बाहेर पडताना राबिन यांना एका ज्यू तरुणानेच गोळ्या घातल्या. नेथन २००८मध्ये गेले. थडग्यावर त्यांनी एकच हिब्रू शब्द कोरून घेतला, ‘प्रयत्न केला’. ७ ऑक्टोबर २०२३चा हमासचा हल्ला आणि त्यानंतरचं गाझा त्यांना पाहावं लागलं नाही.

बाहेर आता दिवेलागण झाली आहे. जहाजावर याच वेळी रेडिओ थांबायचा. आपणही ३० सेकंद बसू या, मग प्रश्न घेऊ.