धूर म्हणजे अर्धवट जळालेले जळण

श्रोतेहो, नमस्कार.

लाकडाच्या भट्टीतून निघणारा धूर कमी कसा करावा, हा आजचा विषय आहे. त्यातही मी प्रामुख्याने बोलणार आहे ते अशा भट्ट्यांविषयी, जिथे फोडलेली खोकी, मोडक्या चौकटी, सुतारकामातून उरलेले तुकडे, ढलप्या आणि भुसा असे टाकाऊ लाकूड जळण म्हणून वापरले जाते. धुराची तक्रार आली की बहुतेकांना पहिला उपाय सुचतो तो धुराडे उंच करण्याचा. उंच धुराड्याने ओढ सुधारते हे खरे. पण भट्टीत एकदा तयार झालेला धूर त्यामुळे नाहीसा होत नाही, तो थोड्या दूरच्या घरांवर जाऊन उतरतो, एवढेच. धूर जिथे तयार होतो तिथेच तो जाळून टाकावा लागतो, आणि त्याची बरीचशी तयारी भट्टी पेटवण्यापूर्वी, जळणाच्या ढिगापाशी करावी लागते.

धूर जळतो, हे पटत नसेल तर एक मेणबत्ती घ्यावी. ती थोडा वेळ जळू द्यावी आणि हलकेच फुंकर मारून विझवावी. वातीतून पांढऱ्या धुराची एक बारीक रेघ वर चढू लागते. त्याच क्षणी पेटती काडी वातीला न लावता, वातीच्या बोटभर वर त्या रेघेत धरली, तर ज्योत रेघेवरून झरकन खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. ती रेघ म्हणजे न जळालेल्या मेणाची वाफ असते. लाकडाचेही नेमके हेच होते. कोरड्या लाकडाच्या वजनापैकी सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक भाग तापल्यावर वायू आणि वाफेच्या रूपाने बाहेर पडतो, आणि कोळसा होऊन मागे राहतो तो उरलेला थोडा भाग. आपल्याला दिसणारा जाळ हा मुख्यतः या वायूंचा जाळ असतो. ते वायू पेटण्याआधीच थंड झाले, तर त्यांतील डांबरासारख्या द्रव्याचे सूक्ष्म थेंब बनतात, आणि त्यालाच आपण धूर म्हणतो.

लाकडातून हे वायू साधारण २०० ते २५० अंश सेल्सिअसपासून सुटू लागतात. ते पुरते जळायला मात्र ६०० अंशांच्या वर तापमान लागते, आणि ७०० ते ८०० अंश असेल तर अधिक चांगले. धुराचा सगळा प्रश्न या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे. ज्या भट्टीत लाकूड वायू सोडण्याइतके तापलेले आहे, पण वायू पेटण्याइतकी धग नाही, ती भट्टी धूरच देणार. म्हणून भट्टी थंड असताना पेटवण्याचा पहिला काळ आणि तापलेल्या भट्टीत नवे जळण टाकल्यानंतरची काही मिनिटे, या दोन वेळी धूर सर्वाधिक असतो. भट्टीच्या आतल्या बाजूला अग्निविटांचे अस्तर असेल तर ते धग धरून ठेवते आणि दुसऱ्या वेळचा धूर पुष्कळ कमी होतो.

या धगीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ओलावा. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचे निम्मे वजन पाण्याचे असू शकते. सावलीत, वारा खेळेल अशा जागी नीट रचून वाळवलेल्या लाकडात ते १५ ते २० टक्क्यांवर येते. पाण्याची वाफ करण्यात उष्णता वाया जाते, हे सर्वांना ठाऊक असते. पण हिशेब केला तर असे दिसते की निम्मे पाणी असलेल्या एक किलो लाकडातले पाणी उडवायला त्या लाकडाच्या एकूण उष्णतेपैकी जेमतेम सातवा हिस्सा खर्च होतो. खरे नुकसान त्याहून मोठे आहे: पाणी उडत असताना भट्टीतले तापमान खाली येते, वायू न जळताच निसटतात आणि त्यांच्याबरोबर त्यांच्यातली उष्णताही धुराड्यातून निघून जाते. ओलावा मोजण्याचे दोन टोचण्यांचे यंत्र मिळते. ते वापरताना तुकडा फोडून आतल्या ताज्या पृष्ठभागावर टोचावे, कारण बाहेरची साल कोरडी असली तरी गाभा ओला असू शकतो. यंत्र नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटावेत. वाळलेले लाकूड खणखणते, ओले नुसते धप्प वाजते.

टाकाऊ लाकडाची स्वतःची एक अडचण आहे. त्याच्या ढिगात काय येईल याचा नेम नसतो. प्लायवूड, दाबलेल्या भुश्याचे तक्ते आणि सनमायका लावलेले तुकडे यांच्यात कृत्रिम डिंक असतात. जुन्या रंगात शिसे असू शकते. प्लास्टिकच्या थरात पीव्हीसी असेल तर जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो. वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे क्षार मुरवलेले, बहुधा हिरवट छटेचे लाकूड तर कोणत्याही परिस्थितीत भट्टीत टाकू नये, कारण आर्सेनिक काही धुरात जाते आणि उरलेले राखेत राहते. अशा लाकडाचा धूर कमी करण्याचा उपाय साध्या भट्टीत नाही. ते बाजूला काढणे हाच उपाय. मालवाहतुकीच्या पॅलेटवर छापलेल्या शिक्क्यात एच आणि टी ही रोमन अक्षरे असतील तर ते लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेले असते. एम आणि बी असतील तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, आणि ते जळणात घेऊ नये. एच टीचा शिक्का म्हणजे लाकूड कोरडे असल्याची हमी, असा समज मात्र करून घेऊ नये. त्या प्रक्रियेत गाभ्याचे तापमान ५६ अंशांवर ३० मिनिटे ठेवलेले असते, एवढ्याने लाकूड वाळत नाही, आणि पॅलेट पुढे पावसात किती भिजले हे शिक्का सांगत नाही.

निवड झाली की आकार. मनगटाएवढ्या जाडीचे, शक्यतो सारखे तुकडे केले तर जळण एका लयीत जळते. फार बारीक काटक्यांची भट्टी खच्चून भरली, तर सगळ्यांतून एकाच वेळी वायू सुटतात, हवा कमी पडते आणि धुराडे काळे लोट ओकू लागते. पुन्हा पुन्हा दार उघडायला नको म्हणून भट्टी एकदम भरण्याची सवय पुष्कळ ठिकाणी दिसते. माझ्या मते धुराचे सर्वांत मोठे आणि सर्वांत सहज टाळता येणारे कारण तेच आहे. थोडे थोडे, पण वेळेवर टाकावे. टाकण्याआधी निखारे हवा येते त्या बाजूला ओढून घ्यावेत आणि नवे लाकूड त्यांच्या शेजारी ठेवावे; निखारे पूर्ण झाकू नयेत, म्हणजे नव्या लाकडाचा वायू तिथल्या जाळाला भिडून पेटतो. थंड भट्टी पेटवतानाही जाड लाकडे खाली, बारीक ढलप्या वर आणि पेटवणी सर्वांत वर, अशी उलटी रचना करून पाहावी. जाळ वरून खाली उतरतो, त्यामुळे खालून सुटणाऱ्या वायूला वर जाताना जाळातूनच जावे लागते.

एक किलो कोरडे लाकूड जळायला किमान सहा किलो, म्हणजे सुमारे पाच घनमीटर हवा लागते, आणि प्रत्यक्षात त्याच्या दीडपट ते दुप्पट द्यावी लागते. ती सगळी जाळीखालून दिली तर निखारे भडकतात, राख उडते, पण वरचे वायू उपाशीच राहतात. म्हणून हवेचा एक हिस्सा जाळाच्या वरच्या भागात, बारीक छिद्रांतून जोराने, शक्य तर तापवून सोडावा, म्हणजे ती वायूंमध्ये घुसळली जाते. दाराच्या काचेतून किंवा झरोक्यातून पाहिले असता जाळ लालसर, सुस्त आणि टोकाशी काजळी धरणारा दिसला तर वरची हवा कमी आहे. आखूड होऊन फडफडत विझू पाहत असेल तर हवा जास्त झाली आहे आणि ती भट्टी थंड करते आहे.

रात्रभर पुरावे म्हणून भट्टी भरून हवेची झडप बंद करणे म्हणजे धूर मुद्दाम तयार करणे होय. शिवाय त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा न दिसणारा, वास नसलेला आणि जीवघेणा वायू निघतो. भरलेली भट्टी मोकळ्या हवेवर पूर्ण जाळून उष्णता पाण्याच्या टाकीत साठवणे, हे त्याहून कितीतरी बरे. अशी दाबून ठेवलेली भट्टी उघडायची वेळ आलीच, तर आधी झडप पूर्ण उघडावी, मग दार बोटभर किलकिले करून थांबावे; एकदम उघडल्यास साचलेला वायू भडकून तोंडावर येतो. कोरडा भुसा फावड्याने जाळावर फेकल्यासही असाच भडका उडतो, आणि ओला भुसा निखारे गुदमरवतो. भुश्याच्या विटा दाबून घेता येत नसतील, तर साध्या भट्टीत तो न जाळलेलाच बरा.

धुराड्याकडे लक्ष द्यायचे ते त्याच्या उंचीपेक्षा त्याच्या उबेसाठी आणि स्वच्छतेसाठी. थंड धुराड्यात वायूंतले डांबर आतल्या भिंतीवर चिकटते, मार्ग अरुंद करते आणि एखाद्या दिवशी स्वतःच पेटते. म्हणून धुराड्याला बाहेरून उष्णतारोधक आवरण असावे आणि काजळी नियमित खरवडावी.

भट्टी सांभाळणाऱ्याने अधूनमधून बाहेर येऊन धुराड्याच्या तोंडाकडे पाहावे. काळा धूर दिसला तर जळण जास्त किंवा हवा कमी. निळसर, डोळ्यांना झोंबणारा धूर असेल तर जळण नुसते धुमसते आहे. दाट, पांढरा आणि दूरवर रेंगाळणारा असेल तर लाकूड ओले किंवा भट्टी थंड. थंडीच्या दिवसांत मात्र एखादा पांढरा झोत धुराड्याच्या तोंडापासून थोडे अंतर सोडून दिसू लागतो आणि काही हातांवर विरून जातो. ती निव्वळ पाण्याची वाफ असते; ती पाहून झडपांना हात लावू नये.