उन्हाळी लागलीय नुसती

(दृश्य: कोल्हापूरचं मध्यवर्ती बसस्थानक. राधानगरीची एसटी फलाटाला लागते.)

सहावा महिना लागलेली सून सासूबाईंचा हात धरून उतरतेय. पिशवीत धने-जिऱ्याचं पाणी, घरूनच भरून आणलेली लघवीची बाटली आणि रुमालात गोळ्यांच्या पाकिटाचा कात्रीने कापलेला तुकडा. तीन गोळ्यांचा. तिन्ही संपलेल्या.

"उन्हाळी लागलीय नुसती," सासूबाई सांगतात.

लघवीला जळजळ, थेंब-थेंब होणं, ओटीपोटात कळ. आपल्याकडं याचा दोष उष्णतेला देतात आणि सब्जा, वाळ्याचं पाणी सुरू होतं. पाणी पोटात जातंय ते चांगलंच. पण मूत्रमार्गात शिरलेला जंतू सब्जाला भीत नाही.

गरोदरपणात तर त्याचं फावतंच. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळं मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढतं गर्भाशय त्यांच्यावर रेलतं, उजवीकडं जरा जास्तच, आणि लघवी तुंबते. पाणी तुंबलं की काय होतं, हे रंकाळ्याकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको. शिवाय सारखं लघवीला जाणं या दिवसांत नेहमीचंच, मग तक्रार कोण करणार? शंभर गरोदर बायकांत २ ते १० जणींच्या लघवीत जंतू असतात, पण त्रास काहीच नसतो. उपचार झाले नाहीत तर त्यातल्या काहींचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो. हुडहुडी भरून ताप, पाठीत कळ, उलट्या. दिवस भरायच्या आधीच बाळंत होण्याची भीती वाढते.

(दृश्य: दवाखान्यातली खिडकी. सिस्टर नवी बाटली पुढे करतात.)

घरची बाटली परत. ई. कोलाय हा जंतू उबेत साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो; एसटीच्या प्रवासात त्याचं गाव वसतं. नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोचायला हवा. आणि धार सुरू झाल्यावर मधली लघवी धरायची, पहिली नाही.

(दृश्य: दोन दिवसांनी. प्रयोगशाळा.)

काचेच्या थाळीत गुलाबी ठिपके. ई. कोलायच, आपल्याच आतड्यातला. एका मिलिलिटरला १ लाखाच्या वर. दुसऱ्या थाळीवर त्याचाच दाट थर आणि त्यावर औषध मुरवलेल्या, जेमतेम ६ मिलिमीटरच्या कागदी चकत्या. एका चकतीभोवती स्वच्छ रिंगण पडलंय. शेजारच्या चकतीला मात्र जंतू अगदी कडेपर्यंत खेटून बसलेत. तंत्रज्ञ ताई पट्टीने रिंगणं मोजतात, कागदावर अक्षरं उतरतात: एस, आर, आर, एस. एस म्हणजे औषध लागू पडतं, आर म्हणजे त्या औषधाला जंतू दाद देत नाही.

"आधी कुठल्या गोळ्या घेतल्यास?" डॉक्टर विचारतात.

"पांढऱ्या हुत्या."

'चिठ्ठीशिवाय घेऊ नका' सांगणारी पाकिटावरची लाल रेघ कापलेल्या भागात गेली, नावही तिकडंच. सेफिक्सीमसारखी जंतू मारणारी औषधं १ मार्च २०१४ पासून 'एच-१' यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि दुकानदाराने नोंद तीन वर्षं जपायची. या तीन गोळ्यांची नोंद कुठल्या वहीत असेल, विचारू नका. अर्धवट गोळ्यांनी कमकुवत जंतू मरतात. चिवट उरतात आणि मोकळ्या रानात वाढतात.

गरोदर बाईसाठी मुळात औषधंच मोजकी. सिप्रोफ्लॉक्सासिन, टेट्रासायक्लिन शक्यतो टाळतात. नायट्रोफ्युरँटॉइन चालतं, पण बाळंतपण जवळ आलं की तेही बंद. फॉस्फोमायसिनचा ३ ग्रॅमचा एकच डोस असतो. या गोळ्या-पुड्या लागू पडल्या नाहीत तर इंजेक्शन, म्हणजे बहुतेकदा खाटेवर मुक्काम.

हिच्या कागदावर नायट्रोफ्युरँटॉइनपुढं एस आहे. सात दिवसांच्या गोळ्या, यावेळी अख्ख्या पाकिटात.

(दृश्य: पंधरवड्याने. तीच खिडकी.)

"जळजळ थांबली की हिची. आता परत कशाला तपासायचं?" सासूबाई.

सिस्टर काही बोलत नाहीत. नवी बाटली पुढे सरकवतात. सून ती घेते आणि सासूबाईंच्या हातात पिशवी देऊन आत जाते.