इंजेक्टर मोठा करण्याआधी फिलर गेज काढा

(नाशिकमध्ये गाड्यांची आवड असलेल्या मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. सातपूर-अंबडमध्ये कामाला असलेले निम्मे लोक इथे बसलेत, त्यामुळे इंजेक्टर म्हणजे काय हे सांगायचं धाडस मी करणार नाही. डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल या गावात कित्येक वर्षं बनतायत. मी बोलणार आहे पेट्रोलबद्दल, आणि तेही इनटेक पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरबद्दल. थेट सिलिंडरमध्ये शंभर-दोनशे बारने फवारणारी इंजिनं हा वेगळा प्रांत आहे. तिकडे आज जात नाही.

सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून करतो. माझी चार सिलिंडरची हॅचबॅक. तिला मागाहून टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ठासणारा पंखा, बसवला होता, अपेक्षा १३० हॉर्सपॉवरची. एका रविवारी कसारा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, पूर्ण आला, आणि चार हजार आरपीएमच्या पुढे गाडी मिसिंग मारायला लागली. फट्-फट्, धक्के. हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा डॅशवरचा वाइडबँड मीटर बघितला तर मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. मी लगेच निदान केलं: पेट्रोल कमी पडतंय. घरी येऊन रात्रीच ६३० सीसीचे, म्हणजे मिनिटाला तेवढं पेट्रोल देणारे, चार इंजेक्टर मागवले. स्वस्तात होते. सोबत कागद नव्हता, पण त्याचं महत्त्व मला तेव्हा कुठे माहीत होतं?

आता ऑर्डर देण्याआधी मी जे करायला हवं होतं ते करू. हिशोब पाटीवर मावतो. टर्बो इंजिनाला एका हॉर्सपॉवरमागे मिनिटाला साधारण सव्वासहा सीसी पेट्रोल लागतं. टर्बो नसेल तर पाच-सव्वापाच. १३० गुणिले सव्वासहा म्हणजे ८१२ सीसी. चार इंजेक्टरांत वाटले की प्रत्येकी २०३. पण इंजेक्टर सतत उघडा ठेवून चालत नाही, ८० टक्क्यांवर थांबायचं. २०३ भागिले ०.८, उत्तर २५४. माझे कंपनीचे मूळ इंजेक्टर होते २६० सीसीचे. म्हणजे पुरत होते! मी ६३० घेऊन बसलो होतो.

हे ८० टक्के कुठून आले? सहा हजार आरपीएमला इंजिनाचे दोन फेरे, म्हणजे एक पूर्ण चक्र, २० मिलिसेकंदांत संपतं. इंजेक्टरला उघडायला, फवारायला आणि मिटायला एवढाच वेळ. १६ मिलिसेकंदांच्या पुढे गेलात की त्याला नीट मिटायलाही फुरसत मिळत नाही, आणि वर गरम पेट्रोल, उतरलेलं व्होल्टेज अशा गोष्टींसाठी काही शिल्लकच राहत नाही.

६३० बसवल्यावर काय झालं? आयडलिंगला गाडी उभी थरथरायची. कारण सांगतो. ईसीयूने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाने, वीज दिली की इंजेक्टर त्याच क्षणी उघडत नाही. १४ व्होल्टला साधारण एक मिलिसेकंद नुसता सुई उचलण्यात जातो. याला डेड टाइम म्हणतात. आयडलला माझ्या जुन्या इंजेक्टरला एकूण अडीच मिलिसेकंद मिळायचे, त्यात खरी फवारणी दीड. तेवढंच पेट्रोल ६३० सीसीवाल्याने द्यायचं तर हातात उरतो जेमतेम ०.६ मिलिसेकंद. एवढ्या कमी वेळात सुई अर्धवट उचलली जाते, दर वेळी वेगळी. त्यात रात्री हेडलाइट, एसी, फॅन चालू केले की व्होल्टेज पडतं, डेड टाइम वाढतो, आणि मुंबई नाक्याच्या सिग्नलला गाडी बंद. प्रत्येक व्होल्टेजला डेड टाइम किती, हा तक्ता इंजेक्टरबरोबर यायला हवा. माझ्याकडे जो कागद नव्हता तो हाच. तक्ता नसेल तर इंजेक्टर फुकटातही घेऊ नका.

महिनाभर मॅपमध्ये, म्हणजे ईसीयूतल्या पेट्रोलच्या तक्त्यात, आकडे बदलत बसलो. ठिणगीचे प्लग काळे, ऑइलला पेट्रोलचा वास. आणि गंमत म्हणजे घाटातलं मिसिंग तसंच! शेवटी द्वारकाजवळ एक म्हातारे इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाही. प्लग काढला, त्याच्या टोकांमधल्या फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवलं, म्हणाले, “पोरा, गॅप किती ठेवलाय?” १.१ मिलिमीटर. कंपनीचा. टर्बो नसलेल्या इंजिनाचा.

ठिणगीला मोकळ्या हवेत १.१ मिलिमीटर ओलांडणं म्हणजे काहीच नाही. पण प्लग पेटतो तेव्हा हवा मोकळी नसते, दाबून कोंडलेली असते. दाब जितका जास्त तितकं तेच अंतर उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. बूस्टने सिलिंडरमध्ये हवा जास्त ठासली, ठिणगीला वीज देणारी कॉइल मात्र तीच. एका मर्यादेनंतर तिचं व्होल्टेज पुरत नाही, ठिणगी पडतच नाही. त्या गृहस्थांनी बाहेरची पट्टी अलगद वाकवून गॅप ०.७ वर आणला. मधल्या बारीक इरिडियमच्या टोकाला गेज लावून दाबू नका हं, ते तुटतं. चारही प्लग झाले. दुसऱ्या दिवशी कसारा, तोच गिअर, तोच चढ. गाडी पाण्यासारखी गेली. खर्च एका चहाचा, तोही त्यांनीच पाजला.

मग मीटर लीन का दाखवत होता? तो खोटं बोलत नव्हता, मी चुकीचं वाचत होतो. वाइडबँड पेट्रोल मोजत नाही, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो. ठिणगी पडली नाही की त्या सिलिंडरची हवा न जळता तशीच बाहेर येते, ऑक्सिजनसकट. मीटरला वाटतं मिश्रण लीन. आपण पेट्रोल वाढवतो, प्लग आणखी भिजतो, मिसिंग वाढतं. या चक्रात कितीतरी लोकांनी पंप, रेल, इंजेक्टर सगळं बदललंय. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी ठिणगी, मग पेट्रोल.

कॉइलचं विचारता नेहमी. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत एकच कॉइल चार सिलिंडर सांभाळायची, सहा हजारला तिला दर पाच मिलिसेकंदांनी ठिणगी द्यावी लागे. चार्ज व्हायलाच तीनेक मिलिसेकंद. तिथे भारी कॉइलला अर्थ होता. आता प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल, तिला २० मिलिसेकंद मिळतात. रंगीत कॉइल लावून पॉवर वाढत नाही. पॉवर हवेने येते. कॉइलने फक्त आलेली हवा आणि पेट्रोल न चुकता पेटवायचं. दोन बारचा बूस्ट चालवणार असाल तर जरूर बदला, पण ड्वेल, म्हणजे कॉइल चार्ज करायचा वेळ, नव्या कॉइलप्रमाणे बदला. जुनाच ड्वेल ठेवून कॉइल भाजलेली मी पाहिलीय.

प्लगच्या हीट रेंजबद्दल एकच सूचना. बूस्टला एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, प्लग घेतात, पण एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, आणि बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. दुकानात घाईत आकडा बघून घेतला की उलटा गरम प्लग बसतो आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकणं, सुरू.

आता पुन्हा इंजेक्टर, कारण गोष्ट संपलेली नाही. ६३० काढून जुने २६० परत लावायचे ठरवले, तर ते दहा वर्षांचे. इंजेक्टर तपासायच्या बेंचवर चार नळ्यांमध्ये मोजले: ९६, ९५, ९७ आणि तिसऱ्या सिलिंडरचा ८१ मिलिलिटर. आपल्याकडे द्राक्षबागेत ब्लोअरचा एक नोझल तुंबला तर टाकीतलं औषध हिशोबाप्रमाणे संपतं, पण एका बाजूच्या वेली कोरड्या राहतात आणि भुरी तिथूनच येते. इंजिनाचंही तेच. एक्झॉस्टचा मीटर चौघांची सरासरी दाखवतो. समजा मीटरवर १२ आलंय, म्हणजे एका भाग पेट्रोलला १२ भाग हवा, टर्बोला छान. पण सरासरी ९२ आणि तिसऱ्याला ८१, म्हणजे तिथे प्रत्यक्षात १३.७ चाललंय, पूर्ण बूस्टमध्ये. पिस्टनला भोक पडतं ते तिथे. तुम्ही म्हणाल, मीटर तर बरोबर होता!

अल्ट्रासॉनिकमध्ये धुतले, आतली बारीक जाळी आणि ओ-रिंग बदलल्या, तिसरा ९५ वर आला.

दाबाचं एक राहिलं. इंजेक्टरमधून येणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं. तीनचे चार बार केले तर १५ टक्के जास्त, तेहतीस नव्हे. आणि पेट्रोलचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डची (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाची) नळी जोडलेली नसेल तर एक बार बूस्ट आला की इंजेक्टरच्या दोन टोकांतला फरक तीनचा दोन होतो, पेट्रोल १८ टक्के घटतं. नेमकं जेव्हा जास्त हवं तेव्हा. ही नळी तडकलीय का ते दर सर्व्हिसला बघा.

पंपावरचं पेट्रोल आता ई-२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा, ई-२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त पेट्रोल. मगाशी २५४ आलं होतं, ते २७५ च्या पुढे जातं, आणि माझे २६० तिथे अपुरे पडतात. हो, आज घेतले तर मी ३३० घेईन. ६३० नाही. मुंबईकरांसाठी: नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळपास सात टक्के कमी. इथे ट्यून केलेला मॅप खाली उतरून नेलात तर एकदा लॉग, म्हणजे ईसीयूतली नोंद, काढून बघा.

कायद्याचंही बोलतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत केलेल्या फेरफारांबद्दलच आहे. हे सगळं रॅली, ट्रॅक, ऑटोक्रॉससाठी. महामार्गावर नको.

चला, माईक ठेवतो. मागच्या टेबलावर बेंच लावलाय, चार इंजेक्टर जोडलेत, त्यातला एक मुद्दाम तुंबलेला आहे. मी बटण दाबेन तेव्हा नळ्यांकडे बघू नका, आधी फवाऱ्याचा आकार बघा, आणि कोणता तो मला सांगा.