बागेत टाय घालून आलेली माणसं

मित्रहो, पडद्यावरचं हे चित्र आधी मिनिटभर नुसतं बघा. तीन माणसं बागेत काम करताहेत. भोवती फुलांचे वाफे, मागे उंच सरकारी इमारती. तिघांच्या अंगात पांढरे सदरे, गळ्यात टाय. आणि तिघंही काळे. सावळे किंवा तपकिरी नव्हेत, काजळासारखे काळे.

चित्रकार केरी जेम्स मार्शल, अमेरिकेतला कृष्णवर्णीय. चित्राचं नाव 'मेनी मॅन्शन्स', साल १९९४. साडेनऊ फूट उंच आणि सव्वाअकरा फूट रुंद. या पडद्यावर त्याचा आवाका कळत नाही. पूर्वी युरोपात एवढ्या मापाच्या कॅनव्हासवर लढाया, राज्याभिषेक आणि धर्मकथा रंगवल्या जात. मार्शलनं त्यावर माती खणणारी माणसं काढली.

त्या मागच्या इमारती शिकागोच्या आहेत. वसाहतीचं नाव स्टेटवे गार्डन्स. गरिबांसाठी, प्रत्यक्षात बहुतांशी कृष्णवर्णीयांसाठी, सरकारनं बांधलेल्या या वसाहतींपैकी कितीतरींच्या नावात 'गार्डन्स' आहे. रॉकवेल गार्डन्स, वेंटवर्थ गार्डन्स, आल्टगेल्ड गार्डन्स. नाव बागेचं, आणि नव्वदच्या दशकापर्यंत वर्तमानपत्रात बातमी यायची ती गोळीबाराची, ड्रग्जची, बंद पडलेल्या लिफ्टची. शहरानं या वस्त्यांवर फुली मारून टाकली होती. मार्शलनं ते नाव शब्दशः घेतलं. गार्डन म्हणता ना? मग ही घ्या बाग. १९९४-९५मध्ये त्यानं अशी पाच मोठी चित्रं केली.

हे करायला तो बाहेरून आलेला नव्हता, हे फार महत्त्वाचं आहे. त्याचा जन्म १९५५चा, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा. १९६३मध्ये त्याचं कुटुंब लॉस एंजेलिसला आलं आणि वॉट्स भागातल्या निकरसन गार्डन्समध्ये राहिलं. त्याच वर्षी सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी बॉम्ब लावला आणि चार मुली गेल्या. दोन वर्षांनी दंगलीत वॉट्स पेटलं, ३४ माणसं मेली. म्हणजे हिंसा याला दोन्ही गावांत भेटली. पण निकरसन गार्डन्समधली हिरवळ आणि खेळायची जागाही त्याच्या आठवणीत आहे, आणि ती आठवणसुद्धा खरीच आहे. या मालिकेतल्या एका चित्राचं नावच 'वॉट्स १९६३' आहे, आणि त्यात मुलं आहेत.

आता रंगाबद्दल, कारण तिथे मला जास्त वेळ थांबायचंय. तुमच्यापैकी बहुतेकांनी लहानपणी खडूच्या पेटीतला फिकट गुलाबी खडू 'स्किन कलर' म्हणून वापरला असेल. मीही वापरला. माझ्या स्वतःच्या हाताचा रंग त्या खडूसारखा नाही हे दिसत असूनही आईला, आजीला, बैल हाकणाऱ्या शेतकऱ्याला, सगळ्यांना मी तोच रंग दिला. पुढे चित्रकला शिकताना सांगितलं गेलं, नळीतला काळा जपून वापरा, चित्र मळतं. मार्शल त्याच काळ्यापाशी येऊन बसला. एक काळा काजळीचा, एक जाळलेल्या हाडांचा, एक लोखंडापासून केलेला. हे तिन्ही बाजारात मिळतात. त्यात कुठे निळा, कुठे हिरवा, कुठे जांभळा मिसळला की काळ्यातच ऊब येते, थंडावा येतो. मग चेहरा भरीव होतो, गाल गोल होतो, आणि तरीही काळा काळाच राहतो. ही त्याची तडजोड न करण्याची जागा आहे. नंदनवनात जायचं तर आधी थोडं उजळून या, ही अट त्यानं काढून टाकली.

आणि टाय? बागकामाला टाय कोण घालतं, असा प्रश्न पडतो. आपल्याला, महाराष्ट्रात, तो पडू नये. निळ्या सुटातले बाबासाहेब आपल्या प्रत्येक वस्तीत उभे आहेत. १९२७ साली महाडला त्यांनी बायकांना लुगडं नेसण्याची पद्धत बदला, जातीची खूण सांगणारे दागिने टाका असं सांगितलं, तेव्हा ते फॅशनबद्दल बोलत नव्हते. अंगावरचा कपडा तुमची पायरी ठरवत असेल, तर कपडा बदलणं म्हणजे ती पायरी नाकारणं. मार्शलच्या मनात हे होतं असं मी म्हणत नाही. पण त्या पांढऱ्या सदऱ्यांचा अर्थ मला भीमनगरातल्या पुतळ्यानं शिकवला.

कुणी म्हणेल, दुःखावर फुलं ठेवून ते झाकणं झालं हे. जवळून बघा. चित्रात सेलोफेनमध्ये गुंडाळलेल्या इस्टरच्या टोपल्या आहेत, दुकानातून नुकत्याच आणल्यासारख्या. वर निळे पक्षी शुभेच्छापत्रातल्यासारखी फीत धरून उडताहेत. या मालिकेत ठिकठिकाणी पांढऱ्या रंगाचे फराटे आणि ओघळ आहेत, भिंतीवरचं काहीतरी पुसल्यासारखे. त्यानं काहीही लपवलेलं नाही. उणं आहे ते तिथंच ठेवून त्यानं त्यात वाफे खणले आहेत. माणसांना तिथून उचलून दुसऱ्या कुठल्या सुंदर गावी नेलं नाही. मला आदर्श जगाची हीच कल्पना पटते. विस्थापन करणारं नंदनवन आपण मुंबईत पुष्कळ पाहिलं आहे.

वरच्या लाल फितीवरचं वाक्य वाचा. बायबलात येशू म्हणतो, माझ्या पित्याच्या घरात पुष्कळ जागा आहेत. मार्शलनं 'पित्याच्या' जागी 'आईच्या' लिहिलं. माझ्या आईच्या घरात पुष्कळ दालनं आहेत. या वसाहतींत कितीतरी घरं एकट्या बायकांनी चालवली, हे लक्षात घेतलं की तो एक शब्द केवढा जड आहे ते कळतं. आपल्याकडे आईच्या घराला वेगळा शब्दच आहे, माहेर. तिथे आपल्याला कुणी 'कशाला आलीस' म्हणत नाही.

स्टेटवे गार्डन्सच्या आठही इमारती २००७पर्यंत पाडल्या गेल्या. चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटकडे आहे. त्याला चौकट नाही. मोर्च्यातल्या कापडी फलकासारखी कॅनव्हासच्या कडेला भोकं पाडून त्यांना धातूच्या कड्या, म्हणजे आयलेट्स, ठोकलेल्या आहेत, आणि त्यांतून ते सरळ भिंतीवर टांगतात.