पहिले सहा एपिसोड फसले, मग 'पार्क्स अँड रिक्रिएशन' जमली कशी?

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार. ९ एप्रिल २००९ ला अमेरिकेत एनबीसी या वाहिनीवर 'पार्क्स अँड रिक्रिएशन' ही विनोदी मालिका सुरू झाली. पहिला सीझन अवघ्या सहा एपिसोडचा, १४ मेला संपलासुद्धा. १७ सप्टेंबरला दुसरा सीझन आला तेव्हा मुख्य नटमंडळी तीच, ऑफिस तेच, आणि मालिका मात्र बघावीशी वाटायला लागली होती. पुढे ती २०१५ पर्यंत चालली, एकूण १२५ एपिसोड. मे ते सप्टेंबर या चार महिन्यांत असं काय दुरुस्त केलं, ते आज बघू.

आधी मांडणी. इंडियाना राज्यातलं पॉनी नावाचं काल्पनिक गाव. तिथल्या नगरपालिकेचा उद्यान विभाग. लेस्ली नोप ही त्या विभागाची उपसंचालक, काम एमी पोहलरचं. साहेब रॉन स्वॉन्सन, म्हणजे निक ऑफरमन. सरकारने काहीही करू नये असं ठाम मत असलेला सरकारी अधिकारी. गावात एका बिल्डरने अर्धवट सोडलेला मोठा खड्डा आहे. त्यात पडून अँडीचे दोन्ही पाय मोडतात, त्याची मैत्रीण ॲन तक्रार घेऊन सभेत येते, आणि लेस्ली शब्द देते: इथे बाग करीन.

मालिका तयार केली ग्रेग डॅनियल्स आणि मायकेल शूर यांनी. डॅनियल्सनेच २००५ मध्ये 'द ऑफिस' ही ऑफिसवरची ब्रिटिश विनोदी मालिका अमेरिकेत आणली होती, शूर तिथे लेखक होता. त्यामुळे तोच साचा आला: हातात धरलेला हलता कॅमेरा, प्रेक्षकांच्या हशाचा ट्रॅक नाही, आणि मधूनमधून पात्रं थेट कॅमेऱ्याशी बोलतात. साचा उत्तम आहे. पण त्याच्याबरोबर एक सवयही आली, आणि पहिला सीझन त्या सवयीने खाल्ला.

[स्क्रीनवर: सीझन १, एपिसोड २, 'कॅनव्हसिंग']

लेस्ली बागेला पाठिंबा मिळवायला दारोदार फिरते. जाहीर सभा भरते. लोक उलट विरोधातच बोलायला लागतात. मतदान झालं तर आपण हरणार हे दिसल्यावर लेस्ली स्वतःच्याच सभेत वेळ संपेपर्यंत बोलत राहते, म्हणजे मतदानच होऊ नये. प्रसंग कागदावर चांगला आहे, पोहलर तो करतेही झकास. तरी बघताना अवघडायला होतं.

कारण विनोदाचा पंच लेस्लीच्या वाक्यावर पडत नाही. तो पडतो त्यानंतर दिसणाऱ्या चेहऱ्यावर. या प्रकारच्या मालिकेत बहुतेक हशे असेच काम करतात: एक जण बोलतो, कॅमेरा दुसऱ्याकडे वळतो, आणि आपण काय वाटून घ्यायचं ते तो दुसरा चेहरा ठरवतो. पहिल्या सीझनमध्ये तो चेहरा बहुतेक वेळा म्हणतो, 'काय ही बाई!' कॅमेऱ्यासमोरची मुलाखतही त्याच कामाला जुंपलेली. लेस्ली मोठं काहीतरी सांगते, पुढच्याच शॉटमध्ये ते खोटं ठरतं. असं एकदा झालं तर हसू येतं. बावीस मिनिटं सतत झालं की आपल्याला तिची कीव यायला लागते, आणि कीव आली की हसणं थांबतं.

आता लेखकांचं कौतुक इथे करायला हवं. त्यांनी लेस्लीचा उत्साह कमी केला नाही. तिचं भाबडेपण, याद्या, फाइली, जास्तीची तयारी, सगळं राहिलं. त्यांनी बदलले तिच्याकडे बघणारे. बाकीच्यांना ती डोक्याला ताप वाटते, पण ती कामाची आहे हेही त्यांना माहीत असतं. एवढा एक बदल, आणि तेच वाक्य वेगळं ऐकू येतं.

डॅनियल्सने ही दुरुस्ती एकदा आधी केली होती. 'द ऑफिस'च्या दुसऱ्या सीझनचा पहिला एपिसोड, 'द डंडीज', २० सप्टेंबर २००५. तिथला मॅनेजर मायकेल स्कॉट हॉटेलात आपल्या कर्मचाऱ्यांना गमतीचे पुरस्कार वाटतोय. ऑफिसचे लोक कंटाळलेले. मग तिथले परके गिऱ्हाईक त्याची टर उडवतात, त्याचा चेहरा पडतो, तो आवरतं घेतो. आणि ऑफिसातली रिसेप्शनिस्ट पॅम त्याच्या बाजूने टाळ्या वाजवायला लागते. आम्ही याला नावं ठेवू, परक्यांनी ठेवायची नाहीत. त्या टाळीपासून मायकेल आपला झाला.

'पार्क्स'मध्ये हे सगळ्यात छान दिसतं ते दुसऱ्या सीझनच्या दहाव्या एपिसोडमध्ये, 'हंटिंग ट्रिप'. ऑफिसची मंडळी शिकारीला जातात आणि कुणाची तरी गोळी रॉनच्या डोक्याला चाटते. गोळी त्यांच्यातल्याच टॉमची, आणि टॉमकडे शिकारीचा परवाना नाही. लेस्ली आळ स्वतःवर घेते. चौकशीला आलेला रेंजर बायकांना कमी लेखणारा. लेस्लीच्या ते लक्षात येतं आणि ती त्याला हवी तीच कारणं एकामागून एक पुरवते: बायकांचं होतं तसं झालं, नजर एकाच ठिकाणी खिळली, वगैरे. तो प्रत्येक कारण मान डोलावून पटवून घेतो. पहिल्या सीझनमध्ये हाच प्रसंग असता तर लेस्ली हे मनापासून बोलली असती आणि आपण तिला हसलो असतो. इथे खोलीत सगळ्यात हुशार तीच आहे, हसू रेंजरचं होतं.

त्याच एपिसोडमध्ये ऑफिसात तिथली इंटर्न एप्रिल आणि अँडी होल्डवर असलेला फोन धरून तासन् तास बसलेत. फोनवर कोणी येतच नाही, आणि त्या रिकाम्या वेळात या दोघांचं जमायला लागतं. अँडी हे पात्र मुळात पहिल्या सहा एपिसोडपुरतंच होतं. ख्रिस प्रॅटचं काम बघून त्याला ठेवून घेतलं. पण तो होता ॲनचा आळशी, फुकटा बॉयफ्रेंड. त्याला एप्रिलसमोर बसवल्याबरोबर तोच भोळेपणा गोड वाटायला लागला. पुन्हा तेच: बघणारा बदलला.

दुसरी चूक खड्ड्याची. बाग झाली तर मालिकेची गोष्ट संपली, नाही झाली तर लेस्ली दर आठवड्याला हरली. एका मोठ्या ध्येयावर ऑफिसची कॉमेडी टांगली की हा पेच पडतोच. दुसऱ्या सीझनच्या सहाव्याच एपिसोडमध्ये, 'काबूम'मध्ये, त्यांनी खड्डा बुजवून टाकला. मग छोट्या कामांना जागा झाली. प्राणिसंग्रहालयातल्या पेंग्विनचं लग्न, टेलिथॉन म्हणजे टीव्हीवरून देणग्या गोळा करायचा कार्यक्रम, एका दिवसात आलेल्या ९४ मीटिंग. शेवटची तर खास: एप्रिल रॉनच्या सगळ्या भेटी ३१ मार्चला देत गेली, कारण मार्चला ३१ तारीख नसते असं तिला वाटलं. सरकारी ऑफिसातला विनोद असा कारकुनी चुकीतून निघाला की हमखास लागतो.

तिसरी अडचण मार्क, नगररचनाकार. पॉल श्नायडरच्या अभिनयात खोट नव्हती, जागाच चुकली होती. वेड्यांमध्ये एक शहाणा माणूस लागतो, ते काम ॲन करत होती. मार्क दुसरा शहाणा. दोन शहाण्यांच्या प्रसंगात विनोद कुणी करायचा? दुसऱ्या सीझनअखेर तो गेला आणि त्याच सुमारास बेन वायट आला, ॲडम स्कॉट. बेनला स्वतःची जखम आहे: अठराव्या वर्षी महापौर झाला, बर्फावरच्या खेळांचं संकुल बांधायच्या नादात गाव बुडवलं. आता तो राज्याच्या वतीने पॉनीचं बजेट कापायला आलाय. म्हणजे लेस्लीशी त्याचं भांडण पैशांवरून, खरंखुरं, आणि दोघांचीही बाजू बरोबर.

[स्क्रीनवर: सीझन ३, एपिसोड २, 'फ्लू सीझन']

आता 'कॅनव्हसिंग'ची सभा आठवा आणि हे बघा. लेस्ली तापाने फणफणलीय, हॉस्पिटलमधून पळून आलीय. जमीन आणि भिंतीची अदलाबदल झाल्यासारखं तिला वाटतंय. समोर गावातले व्यावसायिक, त्यांना हार्वेस्ट फेस्टिव्हल या गावच्या जत्रेसाठी राजी करायचंय. बेनला वाटतं, आता बट्ट्याबोळ. ती माइकसमोर उभी राहते आणि एकही शब्द न अडखळता अख्खं भाषण देते. कॅमेरा बेनकडे जातो. तो थक्क झालाय. दोन्ही सभा, दोन्हींत लेस्ली बोलतेय, फक्त शेवटचा चेहरा वेगळा.

या एपिसोडमध्ये अँडीचा एक प्रसिद्ध जोक आहे: तो लेस्लीची लक्षणं कॉम्प्युटरवर टाकतो आणि सांगतो की तुला नेटवर्क कनेक्टिव्हिटीचा त्रास दिसतोय. तो प्रॅटला जागेवर सुचलेला. लिहिलेले टेक झाले की नटांना एक मोकळा टेक द्यायची या सेटवर पद्धत होती. पण मोकळा टेक तेव्हाच उपयोगी पडतो जेव्हा नटाला आपलं पात्र काय बोलेल हे पक्कं ठाऊक असतं. पाया बसायच्या आधी दिला तर नुसती बडबड हाती येते.

तुम्ही स्वतः ऑफिसवर काही लिहीत असाल, वेब सिरीज किंवा एकांकिका, तर एक करून बघा. यातल्या कोणत्याही एपिसोडची दोन मिनिटं आवाज बंद करून बघा, बोलणाऱ्याकडे दुर्लक्ष करा, फक्त ऐकणाऱ्यांचे चेहरे टिपून ठेवा: वैताग, माया, भीती, कौतुक. मग स्वतःच्या संहितेत प्रत्येक विनोदानंतर समासात लिहा, आता कॅमेरा कुणावर आणि त्याला काय वाटतंय. सगळीकडे 'वैताग' आला, तर संवाद कितीही घासून फायदा नाही.

ज्यांनी ही मालिका बघितली नाही त्यांनी दुसऱ्या सीझनच्या पहिल्या एपिसोडपासून सुरुवात करा. पहिल्या सीझनमधलं माहीत असावं लागतं तेवढंच: खड्डा आहे, अँडी त्यात पडला, ॲन आणि लेस्लीची मैत्री झाली. 'हंटिंग ट्रिप'पर्यंत, म्हणजे दहा एपिसोड, धीर धरा. ते सहा नंतर कधीतरी बघा, शेवटचा 'रॉक शो' आधी, कारण पुढची दिशा त्यात दिसायला लागते.