आल्ट फॉर नॉर्गे: तीन शब्द आणि बाहेरून आलेला राजा

मंडळी, नमस्कार.

इथे नॉर्वेत भाषेच्या वर्गात मी सुरुवातीला पाठ केलेला एक शब्द म्हणजे 'आल्टफॉर', 'फारच'. फारच थंडी, फारच महाग. पहिला हिवाळा तेवढ्यावर निभावला. मग राजाचं ब्रीद वाचलं, 'आल्ट फॉर नॉर्गे', आणि म्हटलं, खरंय बुवा, फारच नॉर्वे आहे हे! शिक्षिकाबाई हसून हसून दमल्या. जोडून लिहिलं तर 'फारच'. तोडून लिहिलं की अर्थ होतो, सर्व काही नॉर्वेसाठी.

हे ब्रीद घेणारा राजा मूळचा इथला नव्हे. १९०५ पर्यंत स्वीडन आणि नॉर्वेचा राजा एकच होता, दुसरा ऑस्कर. त्याचं ब्रीद 'बंधुराष्ट्रांचं कल्याण'. त्या वर्षी धाकटी पाती वेगळी झाली आणि म्हाताऱ्याने ब्रीद बदलून 'स्वीडनचं कल्याण' केलं. वाटणीनंतर दारावरची पाटी बदलतात ना, तसं.

नॉर्वेने मग डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल याला बोलावलं. तो म्हणाला, आधी लोकांना विचारा. कौल मिळाला तेव्हाच आला, हाकोन सातवा म्हणून. दोन वर्षांच्या अलेक्झांडरचा ओलाव झाला. ब्रीदही असं निवडलं की डॅनिशमध्ये लिहा नाहीतर नॉर्वेजियनमध्ये, अक्षरही बदलत नाही. नव्या माणसाला सोयीचंच!

पण एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेवर चाल करून आलेल्या जर्मनांनी त्यांच्या बाजूच्या क्विसलिंग या नॉर्वेजियन पुढाऱ्याला पंतप्रधान नेमायला सांगितलं, तेव्हा हाकोनने मंत्र्यांना बजावलं: तुम्हाला मान्य करायचं असेल तर करा, मी मुकुट उतरवतो. मंत्री त्याच्या बाजूने उभे राहिले. पुढची पाच वर्षं लोक भिंतींवर आणि बर्फात त्याची मुद्रा रेखाटत होते, 'एच'च्या पोटात सातचा आकडा. मुलगा ओलाव आणि नातू हाराल्ड, दोघांनीही तेच ब्रीद पुढे चालवलं.

१८१४ मध्ये आइड्सवोलला नॉर्वेची राज्यघटना करणाऱ्यांनी घेतलेली शपथ मात्र मला याहून आवडते: 'डोव्र कोसळेपर्यंत एकदिल आणि इमानी'. डोव्र म्हणजे इथली एक डोंगररांग. आपल्या सनदांमध्ये 'यावच्चंद्रदिवाकरौ' असतं. इथे दिवाकराचा काय भरवसा? उत्तरेकडच्या ट्रॉम्सोत हिवाळ्यात दोन महिने तोंड दाखवत नाही. डोंगर बरा.

आणि आपल्या ऑस्लोच्या शिक्क्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, 'एकमताने आणि चिकाटीने'. गणेशोत्सवाच्या जेवणात पुरणपोळी की मोदक, यावरची आपली गेली बैठक साडेतीन तास चालली. म्हणजे चिकाटी आहे.